मदत हवी आहे: बायनॉक्युलरमधून दिसणारी धूमकेतूची शेपटी दुर्बिणीतून का दिसत नाही?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू गुहागरच्या किनाऱ्यावरून बघतोय. परतीचा पाऊस अजून पाठ सोडत नाही, पण संध्याकाळी पश्चिमेला ढग फाटले की तो सापडतो. १०×५० (१० पट वर्धन, ५० मिमीची भिंगं) बायनॉक्युलरमधून डोकं आणि वर गेलेली शेपटी, दोन्ही दिसतात. मग ७० मिमीची दुर्बीण लावतो, नाभीय अंतर ७०० मिमी. २५ मिमीच्या आयपीसमधून (डोळ्याजवळचं भिंग) शेपटी जवळजवळ गायब, मधे उजळ असा धूसर गोळा तेवढा उरतो. १० मिमीच्या आयपीसमधून तोही फिका. दुर्बिणीत दोष आहे का? दुकानदार नेब्युला फिल्टर (तेजोमेघांसाठीची, ठरावीक रंगांचाच प्रकाश जाऊ देणारी काच) घ्या म्हणतोय. घेऊ का?

दुसरं आईबद्दल. १९९७ चा हेल-बॉप तिने अंगणातून नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता, अजून त्याबद्दल बोलते. हाही तिला दाखवायचाच आहे. पण तिचे हात थरथरतात, आणि परवा कोजागिरी झाल्यापासून चांदण्यात शेपटी फार पुसट झाली आहे. तिला कधी नेऊ?

प्रतिसाद १

दुर्बीण ठीक आहे. २५ मिमीने २८ पट वर्धन मिळतं (नाभीय अंतर ७०० भागिले २५), म्हणजे जेमतेम पावणेदोन अंश आकाश. बायनॉक्युलरमध्ये सहा-साडेसहा अंश मावतं. शिवाय भिंगाचा व्यास भागिले वर्धन करून बघा: डोळ्यात येणारा बायनॉक्युलरचा प्रकाशझोत ५ मिमी, दुर्बिणीचा अडीच. पसरट, पुसट गोष्ट त्यामुळे दुर्बिणीत चौपट मंद दिसते. शेपटी बायनॉक्युलरनेच बघा, दुर्बीण डोक्यासाठी ठेवा. गाभ्याजवळचा उजळ भाग ७० पटीतही बघण्यासारखा असतो.

फिल्टर नको. या शेपटीत धूळ भरपूर आहे आणि धूळ सूर्याचाच प्रकाश परावर्तित करते. फिल्टर तोच कापेल.

आईंना रविवारी, २० तारखेला न्या. संकष्टी आहे, चंद्रोदय साडेआठच्या पुढे, कालनिर्णयमध्ये नेमकी वेळ मिळेल. सव्वासातनंतर तासभर खरा अंधार असेल. शुक्र नैऋत्येला खाली दिसेल. धूमकेतू त्याच्या उजवीकडे बराच वर, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या साधारण तीन मुठींवर. १२ तारखेला तो आपल्यापासून सुमारे ७ कोटी किमीवर होता, आता रोज लांब जाऊन मंदावतोय. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रतिसाद २

हातांची खुर्ची न्या. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर बसवायचा एल-आकाराचा जोड मिळतो, बहुतेक १०×५० ला पुढे त्यासाठी आटे असतात. आधी तुम्ही धूमकेतू मधोमध आणा, मग आईंना बसवा. चष्मा फक्त जवळच्या-लांबच्या नंबरचा असेल तर काढून फोकस जुळवता येतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फिल्टर रद्द, रविवार नक्की. बायनॉक्युलरला आटे आहेत, जोड चिपळूणला शोधतो. एकच राहिलं: खाऱ्या हवेत अर्ध्या तासात भिंगावर ओल धरते. किनाऱ्यावर बघणारे काय करता? पुसायला हात धजत नाही.