घडीचा चाकू बनवायचा आहे : लॉक, पातं, मुठीबद्दल सल्ला हवा

पाटा_आणि_भाता :
राम राम मंडळी. परतवाड्याजवळ माझं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान आहे. चिखलदऱ्याला जाणारी ट्रेकिंगची पोरं स्टोव्हचा स्टँड, बॅगेचं बक्कल असलं काही दुरुस्तीला आणतात. त्यांच्याजवळची परदेशी मल्टिटूल पाहून वाटलं, आपल्या भागाला चालेल असं काही आपणच का करू नये? पातं, करवत, पक्कड, कात्री, स्क्रूड्रायव्हर, चिमटा असं सगळं डोक्यात आहे. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा पडलेला आहे, गावात लोहारकाका आहेत. सुरुवात कुठून करू? उघडलेलं पातं बोटावर मिटू नये म्हणून लॉक कोणतं घेऊ?

नागपूरचा_फिटर :
भाऊ, आधी यादीतून पक्कड काढून टाका. पक्कड हवी तर अख्खा सांगाडा तिच्याभोवती रचावा लागतो. लेदरमन या अमेरिकी कंपनीचं १९८३ चं टूल तसंच आहे, पक्कड मधे आणि बाकीची पाती तिच्या दांड्यांत. ते छोट्या दुकानाचं काम नाही. कात्रीही काढा, तिची बारीक स्प्रिंग जीव खाते.

लॉकसाठी ओपिनेल हा फ्रेंच चाकू पाहा. लाकडी मूठ, एक पातं, आणि पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीपाशी फिरणारी, खाच असलेली लोखंडी रिंग. रिंग फिरवली की पातं मिटत नाही. ही रिंग १९५५ ची, आजही तीच चालते. पाइपच्या तुकड्यातून जमेल. लायनर लॉकमध्ये मुठीतली पातळ पट्टी पात्यामागे अडकते, तिथे मिलिमीटरचा अंशही चुकला की पातं बोटावर मिटतं.

लोखंडाला हात लावण्याआधी जाड पुठ्ठ्याचं पातं आणि मूठ कापा, टाचणीवर फिरवून पाहा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर राहतं का, नख लावायला जागा उरते का, ते दहा रुपयांत कळतं.

वरुडचा_बबन :
पाटा चांगला हाये, पण जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा राह्यतात. लाल करून, ठोकून पाहजो. आमच्या घरी विळे-कुऱ्हाडी होतात, त्याले पाणीच देतात. पण एवढं पातळ पातं पाण्यात टाकलं तं तडकते. तेलात टाकजो. पातं तापवत जा, चुंबक चिकटणं बंद झालं की अजून थोडं तापव अन् मंग तेलात. नंतर घासून चकचकीत कर अन् मंद आचेवर वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगावर आण. निळं झालं तं धार टिकत नाही. हे न करता तसंच ठेवलं तं काचेवानी तुटते.

अन् संत्रं कापून पातं न पुसता ठेवलं तं पातं काळं पडते, हे गिऱ्हाईकाले आधीच सांगून ठेव.

धावडा :
मुठीसाठी शिसम किंवा धावडा घ्या, पण वाळलेला. ओलं लाकूड मे महिन्यात आकसतं, खिळी ढिली होते. पावसात फुगतं आणि पातं उघडतच नाही. वरून जवसाचं तेल दोन-तीनदा चोळा, ते लाकडात मुरून वाळतं. गोडं तेल नको, चिकट राहतं.

मुठीची पाठ बंद करू नका हो. काळी माती आत गेली की सुकून दगड होते. पाठ उघडी असली तर बाटलीच्या पाण्यानं धुऊन निघते. चिमटा मात्र राहू द्या, आणि त्याची टोकं नीट मिळतात का पाहा. बाभळीचा काटा बोटात मोडला की तोच कामाला येतो, बाकी हत्यारं बघत बसतात.

पाटा_आणि_भाता :
पक्कड, कात्री गेली. पोरं म्हणतात बटण दाबून उघडणारा कर. आणि करवतीचं काय?

नागपूरचा_फिटर :
बटणाचा अजिबात नको. कायद्याची भानगड होऊ शकते. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातंही शस्त्र नियमांत येतं, शेती-घरकामाची हत्यारं सोडून. तुमचं पातं तीन इंचांचं ठेवा, पुष्कळ झालं. अभयारण्यात शस्त्र नेण्यावर बंदी आहे, तेव्हा मेळघाटच्या गेटवर विचारून घ्या.

करवतीचं उत्तर धावडाताई देतील.

धावडा :
अभयारण्यात फांदी तोडणं गुन्हाच आहे, मग करवत कशासाठी? तिच्या जागी आरी, म्हणजे चांभाराचा भोक पाडायचा टोचा द्या. बॅगेचा पट्टा तुटला किंवा बुटाचा तळ सुटला की भोक पाडून दोरा ओवता येतो. आरीच्या टोकाजवळ दोऱ्याला भोक ठेवा, आणि आरी मुठीत पूर्ण मिटते का ते पुठ्ठ्यावरच बघा.