आधी रूळ पाहा, मग मोटर
भाऊ, रुळावर सरकणारं मोटरचं गेट अर्ध्यात अडते म्हणून मिस्त्री मोठी मोटर घ्या म्हणतो? थांबा जरा. मोटरसोबतच्या चावीनं मोटर गेटापासून मोकळी करा अन् गेट हातानं ढकलून पाहा. तिथंच अडलं तर दोष रुळाचा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; वरवरच्या काँक्रीटवरचा रूळ वाकतोच. आमचा तर दुसऱ्याच पावसाळ्यात बोटभर उचलला होता! खोल खोदून, मुरूम ठोकून पुन्हा बसवला, मोटर जुनीच.

गेटावरची दातेरी पट्टी अन् मोटरच्या चाकात १-२ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर गेटाचा भार शाफ्टवर येते. फोटोसेल, म्हणजे मधात काही आलं की गेट थांबवणारा डोळा, लावाच; बकऱ्या मधात घुसतात. अन् ती चावी घरात खिळ्याला टांगा. लाइन गेली की शोधाशोध होते.