गडावर योगाभ्यास करताना तोल जातो आणि ध्यान लागत नाही : मार्गदर्शन हवे आहे

पहाटपाऊल (सातारा)
नमस्कार. गेली तीन वर्षे मी घरातच योगासने आणि प्राणायाम करीत असून दिवाळीनंतर अजिंक्यताऱ्यावरील एका मोकळ्या जागेत सकाळचा अभ्यास सुरू केला आहे. हवा आणि उजेड मनासारखा आहे. परंतु घरी मिनिटभर टिकणारे वृक्षासन (एका पायावर उभे राहण्याचे आसन) तेथे दहा अंक मोजेपर्यंतही टिकत नाही, आणि ध्यानासाठी डोळे मिटले की मोराचा केकारव, फिरायला आलेल्यांच्या गप्पा, कोणाच्या तरी मोबाईलवरची भक्तिगीते यांच्यामागे मन धावत सुटते. मी जागा बदलावी की पद्धत?

घोंगडी (सातारा)
ताई, वृक्षासनात तुमची नजर बहुधा समोरच्या यवतेश्वराच्या डोंगरावर असावी. तोल सांभाळताना डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायाची जाणीव ही तिन्ही एकत्र काम करतात. जवळच्या वस्तूकडे पाहताना शरीर किंचित कलले तरी ती सरकल्यासारखी दिसते आणि आपण लगेच सावरतो. दूरचा डोंगर मात्र जागचा हललेला दिसतच नाही, म्हणून डोळ्यांची मदत तुटते. घरी हे काम भिंत करीत होती. तेव्हा तीन-चार हातांवरचा एखादा दगड निवडून त्यावरच नजर ठेवावी. उभी आसने गवतावर अंथरलेल्या मॅटवर न करता घट्ट, सपाट मातीवर अनवाणी करावीत, कारण मॅटखालचा उंचसखलपणा पावलाला नीट कळत नाही. शवासनाला मात्र घोंगडी हवीच. घाम आलेल्या अंगावर गडावरचा वारा लागला की शरीर झपाट्याने गार पडते.

कृष्णाकाठ (सांगली)
जागा बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज बंद होण्याची वाट पाहण्याऐवजी आवाजालाच ध्यानाचा विषय करावे : तो कोणत्या दिशेने आला, केव्हा विरला आणि त्यानंतर किती वेळ शांतता राहिली, एवढेच टिपावे. ‘हा मोर’ असे नाव दिले की मन लगेच मोराची गोष्ट रचू लागते. नाव देण्याआधीचा तो नुसता नाद ऐकता आला पाहिजे. ते साधायला मला घाटाच्या पायरीवर बसून दोन महिने लागले.

प्राणायामाबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत साचते आणि चुलींचा, पेटवलेल्या पाचटाचा धूर वर न जाता तिच्यातच अडकून राहतो. अशाच एका पहाटे मी नदीकाठी भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम) केली आणि पुढचे आठ दिवस खोकत होतो. तुम्ही उंचावर असल्यामुळे हा त्रास कमी असेल. तरीही धुराचा वास येत असेल त्या दिवशी आधी आसने करावीत आणि ऊन चढून हवा मोकळी झाल्यावरच दीर्घश्वसन करावे.

रानवाट (सातारा)
एक विनंती. फुलांच्या हंगामात काही जण कासच्या पठारावर मॅट अंथरताना दिसतात. तेथे जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि तेरडा, गेंद त्यातच उगवतात. कृपया तेथे कोणीही आसने करू नयेत.

पहाटपाऊल (सातारा)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज चौथा दिवस. शेवाळ धरलेला एक दगड निवडला आहे. उजव्या पायावर तीस अंकांपर्यंत पोहोचले, डावा अजून डगमगतो. मोर ओरडला तेव्हा मात्र नाव आधीच मनात आले होते.