हिस्पॅनिक मतदाराला गृहीत कोण धरतंय?

रिओकाठी

२०२४ च्या निवडणुकीत सगळ्यांचे डोळे पेनसिल्व्हेनिया, मिशिगनकडे लागले होते. मला सगळ्यात बोलका वाटला तो टेक्सासमधल्या स्टार काउंटीचा निकाल. रिओ ग्रान्दे नदीला लागून असलेला हा भाग, नदीपलीकडे थेट मेक्सिको. लोकवस्ती जवळपास ९७ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेली; यांनाच लॅटिनोही म्हणतात. १८९२ नंतर इथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार कधी पुढे गेला नव्हता. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन इथे ६० टक्क्यांनी पुढे होत्या. २०२० मध्ये बायडन यांची आघाडी पाच टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये ट्रम्प सोळा टक्क्यांनी जिंकले.

डेमोक्रॅटिक पक्षाचा हिशेब वर्षानुवर्षं ठरलेला होता. स्थलांतरितांबद्दल मवाळ बोलायचं, प्रचारात थोडी स्पॅनिश पेरायची, की ही मतं आपलीच. पण इथली कितीतरी कुटुंबं अमेरिका इथवर येण्याआधीपासून इथली आहेत. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर सीमाच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली. घरातला एक जण तेलाच्या कामावर, एक शेरीफच्या कचेरीत, एक बॉर्डर पेट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलात. बॉर्डर पेट्रोलच्या जवानांत निम्म्याच्या आसपास हिस्पॅनिक आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात अडीच लाखांच्या आसपास लोक दक्षिण सीमेवर पकडले गेले. त्याचा ताण सोसला तो याच गावांनी, वॉशिंग्टननं नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा मतदार ‘स्थलांतरितांचा मतदार’ नाही. त्याला आधी घरभाडं, पगार आणि किराणा दिसतो, मग बाकीचं. असं नाही असं वाटणाऱ्यांनी जरूर वाद घालावा.

निशिगंधा

आकडे ठीक आहेत हो, पण माझ्या डोक्यात शिरत नाही. जुलै २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मिलवॉकीच्या अधिवेशनात ‘सामूहिक हद्दपारी आत्ताच’ असे छापील फलक हातात घेऊन लोक नाचत होते. ते टीव्हीवर पाहूनही ज्याचा मामा, चुलतभाऊ बिनकागदाचा आहे तो माणूस त्यांना मत देतो? हे मला स्वाभिमान विकल्यासारखं वाटतं.

खवचटराव

निशिगंधाताई, पुण्यात बसून स्टार काउंटीच्या लोकांचा स्वाभिमान मोजू नये. मोजायचाच तर दोन्ही पक्षांनी त्यांना काय दिलं तेही मोजा. ओबामांनी २००८ मध्ये पहिल्या वर्षात स्थलांतर कायदा सुधारतो म्हणून शब्द दिला. दोन्ही सभागृहांत बहुमत असताना तो कायदा झालाच नाही. उलट इतक्या लोकांना परत पाठवलं की त्यांच्याच बाजूच्या लॅटिनो नेत्यांनी त्यांना ‘हद्दपारी-प्रमुख’ म्हणायला सुरुवात केली. लहानपणी आणलेल्या मुलांना अभय देणारा ‘डाका’ आला तो जून २०१२ मध्ये, म्हणजे निवडणुकीला पाच महिने उरले असताना. योगायोगच म्हणायचा!

आणि बिनकागदाच्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर करणारा कायदा कुणी सही केला? रेगन यांनी, १९८६ मध्ये. रिपब्लिकन.

मुक्ता_सॅक्रामेंटो

खवचटराव, १९८६ सांगितलंत तर १९९४ ही सांगा ना, तिथे का थांबलात?

कॅलिफोर्नियात गव्हर्नर पीट विल्सन यांची फेरनिवड अवघड दिसत होती. त्यांनी ‘प्रस्ताव १८७’ उचलून धरला. बिनकागदाच्या लोकांना सरकारी शाळा नाही, तातडीचे सोडून इतर उपचार नाहीत. जाहिरातीत काय, तर सीमेच्या नाक्यावरून महामार्गावर धावत सुटलेल्या माणसांचं धूसर चित्रण. प्रस्ताव सुमारे ५९ टक्क्यांनी मंजूर झाला, विल्सन जिंकले. न्यायालयानं प्रस्ताव अडवला तो भाग वेगळा. पण त्यानंतर काय झालं? वर्षानुवर्षं ग्रीनकार्डावर निवांत बसलेल्या लोकांनी रांगा लावून नागरिकत्व घेतलं, मतदार म्हणून नावं नोंदवली, मुलांना राजकारणात उतरवलं. निक्सन आणि रेगन यांचं राज्य होतं हे. आज तिथे श्वार्त्झनेगरसारखा अपवाद सोडला तर राज्यभराची निवडणूक जिंकणारा रिपब्लिकन शोधून सापडत नाही.

त्यामुळे ‘स्थलांतर हा त्यांचा मुद्दाच नाही’ हे मला मान्य नाही. एरवी तो मागच्या बाकावर असतो हे खरं. पण अपमान झाला की तोच पहिला होतो, आणि मग एक पिढी विसरत नाही.

रिओकाठी

मुक्ता, चांगला मुद्दा. पण त्याच प्रस्ताव १८७ च्या बाजूनं लॅटिनो मतदारांपैकीही सुमारे पाव लोकांनी मत दिलं होतं, तेही १९९४ मध्ये. म्हणजे समाज तेव्हाही एकसंध नव्हता. आणि ‘पिढी विसरत नाही’ म्हणता, तर २०२४ चं काय? प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत हिस्पॅनिक मतदारांत २०२० मध्ये बायडन ६१, ट्रम्प ३६ असं होतं. २०२४ मध्ये हॅरिस ५१, ट्रम्प ४८. २५ टक्क्यांची दरी तीनवर आली. अपमान तर २०१५ पासून रोज चालू होता.

आकडेमोड

या निमित्तानं एक गंमत. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी म्हणाले की बिनकागदाचे लोक ‘स्वतःहून परत जातील’ अशी परिस्थिती आणू. एक्झिट पोलमध्ये त्यांना २७ टक्के हिस्पॅनिक मतं मिळाली. रिपब्लिकन पक्षानं पराभवाची चिकित्सा केली, आणि २०१३ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की स्थलांतर सुधारणा केली नाही तर पक्ष आकसत जाईल. त्याच वर्षी दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी तयार केलेलं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ नं पास झालं. खालच्या सभागृहानं ते मताला सुद्धा घेतलं नाही.

पुढे आलेल्या उमेदवारानं, म्हणजे ट्रम्पनी, अहवालाच्या बरोबर उलटं केलं. एक्झिट पोलनुसार त्याला २०१६ मध्ये २८, २०२० मध्ये ३२, २०२४ मध्ये ४६ टक्के. बुश यांना २००४ मध्ये ४४ मिळाल्याचं सांगतात (त्या आकड्यावर वाद आहे), आणि बुश तर स्थलांतरितांशी गोड बोलणारे. म्हणजे गोड बोलून ४४ आणि कडू बोलून ४६. यातून स्थलांतराबद्दल काय निष्कर्ष काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा. मी काढलेला असा: पक्षाच्या चिकित्सा-अहवालांवर पैसे खर्च करू नयेत.

ऑरलँडोकर

तुम्ही सगळे ‘हिस्पॅनिक’ म्हणून एकच माणूस डोळ्यांसमोर आणताय. फ्लोरिडात या.

पोर्तो रिकोचा माणूस १९१७ पासून जन्मानंच अमेरिकन नागरिक. त्याला ग्रीनकार्ड, हद्दपारी यांच्याशी स्वतःपुरतं काही देणंघेणं नाही. क्युबनांसाठी १९६६ पासून वेगळा कायदा, एक वर्ष काढलं की कायम वास्तव्याचा अर्ज करता यायचा. ‘समाजवाद’ एवढं म्हटलं की त्यांच्या घरात निम्मं मतदान ठरतं, मग समोरचा डेमोक्रॅट समाजवादी असो वा नसो. मायामी-डेड काउंटीत क्लिंटन २०१६ मध्ये जवळपास ३० टक्क्यांनी पुढे होत्या, २०२४ मध्ये ट्रम्प ११ टक्क्यांनी. आमची ऑसिओला काउंटी पोर्तो रिकोच्या लोकांनी भरलेली. निवडणुकीच्या आठवडाभर आधी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत एका विनोदवीरानं पोर्तो रिकोला ‘तरंगतं कचऱ्याचं बेट’ म्हटलं. चॅनेलवाले म्हणाले, संपलं. ऑसिओलात ट्रम्प जिंकले.

मात्र २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांचं हद्दपारीपासूनचं तात्पुरतं संरक्षण काढलं, १७९८ चा युद्धकालीन कायदा वापरून काहींना एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडलं, तेव्हा मायामीजवळच्या, व्हेनेझुएलन वस्तीच्या डोरालमधल्या ट्रम्प समर्थकांचे चेहरे उतरले. ‘ते दुसऱ्यांबद्दल बोलतायत’ असं ज्याला त्याला वाटत होतं.

मुक्ता_सॅक्रामेंटो

हेच! ‘ते दुसऱ्यांबद्दल बोलतायत.’ ऑरलँडोकर, मी तीन परिच्छेदांत जे सांगू पाहत होते ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. धमकी आणि कारवाई यांत फरक असतो. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये होम डेपोच्या वाहनतळावर, कार धुण्याच्या दुकानांत आइसची, म्हणजे हद्दपारीची कारवाई करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची माणसं घुसली, मागोमाग नॅशनल गार्ड आलं. जन्मानं अमेरिकन असलेले लोकही पासपोर्ट खिशात घालून कामाला जायला लागले. ते २०२४ मध्ये नव्हतं.

विदुला_एडिसन

न्यू जर्सीचा ताजा दाखला देते. पॅटरसन शहर ज्यात येतं ती पसेइक काउंटी, डॉमिनिकन, पेरूव्हियन, मेक्सिकन वस्ती भरपूर. २०२४ मध्ये ट्रम्पनी जिंकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी तीच काउंटी मोठ्या फरकानं परत घेतली. एका वर्षात. रिओकाठी, तुमच्या किराण्याच्या सिद्धांतात हे कसं बसतं?

रिओकाठी

विदुलाताई, अगदी आरामात बसतं. शेरिल यांचा प्रचार कशावर होता? विजेच्या बिलांवर. निवडून आल्यावर दर गोठवण्यासाठी आणीबाणी जाहीर करते, हे त्या सभेसभेत सांगत होत्या. महागाई कमी करतो म्हणून आलेल्या माणसानं ती कमी केली नाही, म्हणून लोक फिरले. मी आणखी काय वेगळं सांगत होतो?

विदुला_एडिसन

वीजबिल काय फक्त डॉमिनिकन घरांत येतं? आमच्या एडिसनलाही येतं, किनाऱ्यावरच्या इटालियन घरांतही येतं. मग सगळ्यात मोठा झोका हिस्पॅनिक वस्तीच्या गावांतच का? बिलाचा मुद्दा राज्यभर होता, आइसची भीती तिथे होती. दोन्ही मिळून झालं असेल हे मान्य करा की, एवढं काय.

खवचटराव

अवांतर, पण राहवत नाही. आपल्या मंडळींचं काय? ग्रीनकार्डच्या रांगेत सात टक्क्यांच्या देशनिहाय मर्यादेत अडकलेला आपला एच-वन-बी वाला ‘बेकायदा लोकांना हाकला’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वाचा आदेश निघाला, तर त्यात तात्पुरत्या व्हिसावाल्यांची मुलंही. न्यायालयात आव्हान मिळालं म्हणून बरं. पुढच्या महिन्यात अमृतसरला लष्करी विमानातून १०४ जण बेड्या घालून आणले, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. डोरालच्या लोकांना हसण्याआधी जरा आरसा बघू.

निशिगंधा

खवचटराव, माझा स्वाभिमानाचा मुद्दा तुम्हीच पुढे नेताय, आभार!

आकडेमोड

ॲरिझोना कुणी घेतलंच नाही. २०२४ मध्ये तिथे एकाच दिवशी एकाच मतपत्रिकेवर तीन गोष्टी झाल्या. ट्रम्प जिंकले. बेकायदा सीमा ओलांडणं राज्याचाही गुन्हा ठरवणारा प्रस्ताव ३१४ साठ टक्क्यांहून अधिक मतांनी पास झाला. आणि सिनेटसाठी डेमोक्रॅट रुबेन गायेगो जिंकले. हा माजी मरीन, प्रचारात बॉक्सिंगचे सामने दाखवणारा, कष्टकरी लॅटिनो पुरुषाला मोठा ट्रक हवा असतो हे न लाजता सांगणारा. सीमेवर कडक बोलतो, जुन्या स्थायिकांना कायदेशीर करा असंही म्हणतो. रिओकाठी आणि मुक्ता दोघांनाही तो अर्धा अर्धा पटेल.

मुक्ता_सॅक्रामेंटो

मला पाव पटतो. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं लेकन रायली कायद्याला पाठिंबा दिला. त्यात नुसता चोरीचा आरोप झाला तरी बिनकागदाच्या माणसाला डांबून ठेवण्याची तरतूद आहे, गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. मतांसाठी इतकं झुकल्यावर उरतं काय?

रिओकाठी

उरते ती सिनेटची जागा. तीही हातची गेली असती तर तो कायदा काही थांबला नसता.

बाकी आता रिपब्लिकन गृहीत धरण्याची तीच चूक करतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासनं मतदारसंघ नव्यानं आखले, पाच जागा वाढवायच्या म्हणून. त्यातल्या काही २०२४ ची हिस्पॅनिक मतं कायमची आपली झाली असं धरून कोरल्यात. विदुलाताईंची पसेइक इकडेही घडली तर त्याच जागा उलटतील. टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोचे खासदार हेन्री क्युएलार यांचंच बघा. डेमोक्रॅट, पण सीमेच्या बाबतीत स्वपक्षाला नेहमी खडे बोल सुनावणारे. लाचखोरीचा खटला चालू होता. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनी त्यांना माफी दिली, आणि त्यांनी त्याच दिवशी पुन्हा डेमोक्रॅट म्हणूनच अर्ज भरला. ट्रम्प भडकले, निष्ठा नाही म्हणाले.

खवचटराव

माफीसोबत पक्षाचा फॉर्म जोडायला विसरले असतील.