मोटरहोमचं सस्पेन्शन: मागे एअर बॅग टाकू, शॉक बदलू की आणखी काही?

फिरतं_घर

मंडळी नमस्कार, सस्पेन्शनमधल्या जाणकारांचा सल्ला हवाय. आमचं मोटरहोम व्हॅनच्या चासीवर बांधलेलं आहे, ओढ पुढच्या चाकांना, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), लांबी सात मीटरच्या आसपास आणि मागच्या चाकांच्या पाठीमागे बॉडी बरीच लांब गेलेली. स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली की असा दणका बसतो की कपाटांची दारं उघडतात, अगदी हळू घेतली तरी. रस्ता लाटांसारखा असेल तर मागचा भाग वर-खाली होत राहतो आणि लवकर थांबत नाही. पण मला खरी भीती वाटते ती हायवेवर, मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते मग आत ओढली जाते आणि स्टेअरिंग सतत सावरावं लागतं, दोन तास चालवलं की खांदे भरून येतात.

गॅरेजवाले म्हणतात मागे एअर बॅग (पाट्याच्या जोडीला बसणारी हवेची उशी) टाका, सगळं जाईल. दुसरे एकजण म्हणाले पाटा वाढवा. नेटवर कोणी जाड अँटी रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा आडवा दांडा) सांगतंय, कोणी नुसते शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर). सगळं एकदम करणं शक्य नाही आणि उगाच करायचंही नाहीये. सुरुवात कुठून करू?

काटा_आधी

ताई, काहीही विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. प्रवासाला निघताना असते तशीच न्यायची, पाण्याची टाकी, गॅस, सामान, सायकली, माणसं सगळं आत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. हे तीन आकडे आणि दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली जी प्लेट असते तिच्यावरच्या एक्सलच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीच्या) वजनाच्या मर्यादा इथे टाका. जमलं तर डावी-उजवी बाजू पण वेगवेगळी घ्या, कारण किचन, फ्रिज, टाकी एकाच बाजूला असली की फरक चांगलाच पडतो.

तोवर टायर बघून घ्या. साइडवॉलवर सीपी लिहिलंय का, हा टायर खास मोटरहोमसाठी जास्त हवेचा बनवलेला असतो. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. मोटरहोम उभं जास्त राहतं, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं, ट्रक गेल्यावर गाडी पोहते त्यात टायरचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा खूप मोठा आहे.

हवा किती ते पण सांगा, थंड टायरवर मोजलेली. सीपी टायरला मागे ५.५ बार म्हणजे साधारण ८० पीएसआय सांगितलेली असते, पण पुढे तेवढी लागेलच असं नाही, पुढच्या एक्सलच्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यात बघायची. चारही चाकांत सरसकट कमाल हवा भरलेली असते आणि मग लोक सस्पेन्शन कडक आहे म्हणून रडतात, हे मी कितीतरी गाड्यांत बघितलंय.

दणकट_दादा

मी गॅरेजवाल्यांच्या बाजूने आहे. माझ्या गाडीला मागे एअर बॅग आहेत आणि स्पीडब्रेकरवरचा दणका गेला तो गेलाच. मागचा भाग बसलेला असेल तर एवढा विचार कशाला, टाकून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

फिरतं_घर

काटा करून आणला. पुढे १५००, मागे १९८०, एकूण ३४८०. प्लेटवर पुढे १८५०, मागे २०००, एकूण ३५००. मागे सायकलींचं रॅक धरून साधारण ६० किलो लटकलेलं आहे, आणि पाण्याची १०० लिटरची टाकी मागच्या पलंगाखाली आहे, भरलेली होती. टायर सीपीच आहेत, फार जुने नाहीत. हवा चारही चाकांत ५.५ बार निघाली, पुढेसुद्धा. मागून वाकून बघितलं तर एक्सल आणि जंप रबर (चाक फार वर आलं की टेकतो तो रबरी ठोकळा) यांच्यात जेमतेम बोटभर जागा दिसते.

पाटा_आणि_बुश

आकडे बघून बरंच काही कळतंय. एकूण वजन मर्यादेत आहे, पण मागे फक्त २० किलो उरलेत आणि पुढे ३५० किलोची जागा रिकामी. म्हणजे गाडी जड नाहीये, तिचं वजन चुकीच्या जागी आहे.

मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलेलं वजन नुसतं तिथे बसत नाही, ते पुढचा भाग उचलतं. समजा दोन एक्सलमधलं अंतर ४ मीटर आहे आणि सायकलींचं रॅक मागच्या एक्सलपासून अडीच मीटर मागे. मग ६० किलो गुणिले २.५ भागिले ४, म्हणजे पुढून साधारण ३७ किलो कमी होतात आणि मागच्या एक्सलवर ६० नाही, ९७ किलो येतात. टाकीचंही तेच. ती एक्सलपासून मीटरभर मागे असेल तर १०० लिटर पाण्याचे मागे १२५ होतात आणि पुढचे २५ जातात. आणि तुमच्या गाडीत ओढ पण पुढची, स्टेअरिंग पण पुढचंच, म्हणजे ज्या चाकांवर सगळी भिस्त तीच हलकी झालीत, वर त्यात हवा गच्च. ट्रक गेल्यावर ती कशी धरून राहणार.

आता दणक्याचं. मागे बोटभर जागा उरलीये म्हणजे उभ्या गाडीतच पाटे जंप रबरला टेकायला आलेत. काही चासींवर हे रबर मुद्दाम लांब आणि मऊ दिलेलं असतं, ते दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करतं, त्यामुळे नुसतं टेकणं म्हणजे बिघाड असं नाही, तुमचं कोणतं आहे ते बघून घ्या. पण आखूड कडक रबर असेल तर स्पीडब्रेकरवर त्या बोटभरानंतर सस्पेन्शन संपलं, पुढचा सगळा मार थेट बॉडीला. इथे एअर बॅगचा उपयोग होतो हे दणकट दादांचं म्हणणं बरोबरच आहे, ती मागचा भाग उचलून चाकाला वर यायला जागा करून देते.

पण एअर बॅग ही स्प्रिंग आहे, शॉक नाही. तुमचा वर-खाली डोलण्याचा त्रास ती घालवणार नाही, उलट वाढवू शकते, कारण पाट्यांच्या जोडीला अजून एक स्प्रिंग आली की उसळी जोरात येते आणि ती आवरायचं काम त्याच थकलेल्या शॉकवर पडतं. एवढ्या जड गाडीचे शॉक हाताने दाबून तपासता येत नाहीत, म्हणून कोणाला तरी मागून बघायला सांगा, उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली एकदा वर होऊन थांबायला हवी, तिसऱ्यांदा हलली तर शॉक संपलेत. ऑइल गळलंय का तेही बघा, पण कोरडा शॉक चांगलाच असतो असं नाही, आतला व्हॉल्व झिजलेला बाहेरून दिसत नाही. मूळचे शॉक बहुतेक वेळा डिलिव्हरी व्हॅनच्या हिशोबाने दिलेले असतात, ती व्हॅन अर्धा दिवस रिकामी पळते, मोटरहोम मात्र जन्मभर भरलेलंच असतं.

माझा क्रम विचाराल तर आधी वजन हलवा, मग पुढची हवा तक्त्याप्रमाणे करा, मग बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) आणि स्टेअरिंगकडचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे सांधे तपासून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग चारही शॉक, आणि त्यानंतर एक लांबचा प्रवास करून ठरवा बॅग लागते का ते. एकेक करा, सगळं एकदम केलंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

दणकट_दादा

वजनाचं पटलं. पण पलंगाखालची टाकी कोण हलवणार? प्रत्येकाला ते जमत नाही.

पाटा_आणि_बुश

टाकी नाही हलवायची, पाणी हलवायचं. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर २० लिटर घेऊन निघायचं, ८० लिटर कमी झालं की वरच्याच हिशोबाने मागच्या एक्सलवरचे १०० किलो गेले. टूलबॉक्स, तंबूच्या काठ्या, खुर्च्या असलं जड सामान दोन एक्सलच्या मध्ये आणि खाली. सायकली आत घेता आल्या तर उत्तम.

वळणवाट

अँटी रोल बारचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तो फक्त वळणावर आणि बाजूच्या वाऱ्यात गाडी कलते ते कमी करतो, दणका किंवा वर-खाली डोलणं याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट एकच चाक खड्ड्यात गेलं तर दोन्ही बाजू बांधलेल्या असल्यामुळे हिसका जास्तच जाणवतो. ज्यांची तक्रार फक्त झुकण्याची आहे त्यांनी घ्यावा, आणि घेताना नुसता मागचा फार जाड घेऊ नये, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी सुटायला लागतात. फोर्डच्या एफ५३ या मोटरहोमच्या चासीवाले लोक बारची लिंक (बारचं टोक जोडणारी छोटी दांडी) बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात घेतात, बारचा हात आखूड होतो आणि तोच बार कडक वागतो, नवा पार्ट काहीच लागत नाही. पण ते त्या चासीवर दोन भोकं दिलेलीच आहेत म्हणून, आपल्या मनाने भोक पाडू नका.

ताईंच्या ट्रकवाल्या त्रासात मला मागच्या एक्सलचाही संशय येतोय. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल कडीतले) बुश झिजले की बाजूने जोर आल्यावर बॉडी एक्सलवर आडवी सरकते, बाहेरून कितीसं दिसणार ते, पण ड्रायव्हरला वाटतं मागून कोणीतरी गाडी वळवतंय. आधी बुश नवे. तरी राहिलं तर पॅनहार्ड रॉड म्हणून एक आडवा दांडा मिळतो, एक टोक एक्सलला, दुसरं चासीला, तो हे आडवं सरकणं धरून ठेवतो. सगळ्यात कमी चर्चा होणारी आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू आहे असं माझं ठाम मत आहे.

बुश बदलताना एक बघा, रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकलेली असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

फिरतं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. सायकली आत घेतल्या, पाणी कमी केलं, पुढची हवा तक्त्याप्रमाणे उतरवली आणि हायवेवर जाऊन आले, स्टेअरिंग खरंच शांत झालंय, ट्रक गेला की अजून जाणवतं पण पूर्वीसारखं धस्स होत नाही. बुश आणि शॉकचं काम पुढच्या आठवड्यात. स्पीडब्रेकरचा दणका मात्र थोडासाच कमी झालाय, जंप रबर आखूडवालंच निघालं, त्यामुळे शेवटी एअर बॅग लागणार असं दिसतंय. बसवताना काय बघू? आणि बॅग बसली की मागची मर्यादा वाढते का हो?

काटा_आधी

नाही वाढत, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. बॅगने फक्त उंची परत मिळते. एक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळे तेच आहेत, प्लेटवर २००० असेल तर २०००च. गाडी सरळ उभी दिसली की लोकांना वाटतं वजन गेलं, तसं होत नाही, काटा तोच आकडा दाखवणार.

पाटा_आणि_बुश

बसवताना डाव्या-उजव्या बॅगेच्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या, दोन व्हॉल्व, दोन गेज. एकाच नळीवर जोडल्या तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अजूनच झुकते. वेगळ्या असल्या की किचनची जड बाजू थोडी जास्त हवेने सरळ पण करता येते. नळी सायलेन्सरपासून लांब आणि कुठेही घासणार नाही अशी न्यायची. बऱ्याच किटमध्ये जंप रबर काढून त्याच जागी बॅग बसते, मग बॅग पूर्ण रिकामी ठेवून गाडी चालवायची नाही, किटवाल्याने किमान हवा लिहिलेली असते तेवढी कायम ठेवा, नाहीतर बॅग चिमटून फाटेल.

हवा भरताना मोह आवरा. मागचा भाग गरजेपेक्षा वर गेला की गाडी नाकावर येते आणि पुढचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टेअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं तिचा मागे झुकलेला कोन, त्याच्यामुळेच स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. म्हणजे बॅग जास्त फुगवलीत तर आत्ता जी स्थिरता मिळवलीत तीच जाईल. म्हणून आधी बॅगची हवा ठरवायची आणि अलाइनमेंट त्यानंतर, सामान भरलेल्या गाडीवर करायची. रिकाम्या गाडीवर केलेली अलाइनमेंट भरल्यावर बदलते.

अजून एक, आणि हे ब्रेकचं आहे म्हणून नीट वाचा. काही जुन्या चासींमध्ये मागच्या एक्सलपासून बॉडीवरच्या एका व्हॉल्वपर्यंत छोटा दांडा किंवा स्प्रिंग असते. बॉडी जेवढी खाली बसेल तेवढा तो व्हॉल्व मागच्या ब्रेकना जास्त प्रेशर देतो. बॅग लावून बॉडी वर उचलली की त्या व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. नवीन गाड्यांत हे काम बहुतेक एबीएसच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे असतं, तिथे तो दांडा नसतो. खाली वाकून बघा, दांडा दिसला तर गॅरेजवाल्यांना स्पष्ट विचारा की किटमध्ये त्याची सेटिंग कशी करायची सांगितलीये. त्यांना माहीत नसेल तर तिथे काम करू नका.

वळणवाट

आणि मागची उंची बदलली की हेडलाइट खाली बघायला लागतात, त्यांचा फोकस त्याच दिवशी करून घ्या. कामात यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) सोडले असतील तर काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने परत तपासायचे, नवे यू बोल्ट सुरुवातीला थोडे ढिले पडतातच.