छाप्यात जखमी झालेल्या शेतमजुराला कुठे दाद मागता येते? (कॅलिफोर्निया) सल्ला हवा आहे

किनाऱ्यावरची
नमस्कार मंडळी. मी व्हेंचुरा काउंटीत, ऑक्सनार्डला राहते. मागच्या गल्लीत मेक्सिकोच्या ओआहाकातलं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आणि माझी लेक एकाच वर्गात आहेत, त्यामुळे येणंजाणं आहे. मुलीचे वडील स्ट्रॉबेरीच्या शेतात तोडणीला जातात. तीन आठवड्यांपूर्वी तिथे इमिग्रेशनचा छापा पडला. माणसं सैरावैरा पळाली. यांना एका अधिकाऱ्याने मागून धरून आपटलं आणि तो पुढच्यांच्या मागे धावला. हे पडले ते सरीतल्या पाण्याच्या पाइपावर, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. सोबत्यांनी गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. अटक झाली नाही, पण हात गळ्यात आहे, घरात दुसरी मिळकत नाही, आणि हॉस्पिटलचं बिल येऊन पडलंय. कंत्राटदार म्हणतो, "हे कामावर लागलेलं नाही, आमचा संबंध नाही."
कागदपत्रं नाहीत, म्हणून तक्रार करायलाही ते घाबरतात. नवराबायको घरी मिश्तेको बोलतात, स्पॅनिश जेमतेम. मला कायद्यातलं काही कळत नाही. कुणाकडे जावं, आधी काय करावं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

फ्रेस्नोकर
ताई, मी इथे कामगारांच्या खटल्यांत दुभाष्याचं काम बरीच वर्षं करतोय. मी वकील नाही. पण तुमच्याकडे वेळ कमी आहे म्हणून लगेच लिहितो.
यात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे मालकाच्या विम्यातून मिळणारी भरपाई. दुसरी, ज्या सरकारी माणसाने पाडलं त्याबद्दल केंद्र सरकारवर दावा. एक केली म्हणून दुसरी बंद होत नाही.
आधी पहिली. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की नोकरी कायदेशीर असो वा बेकायदेशीर, तो कामगारच. २००५ साली इथल्या अपील कोर्टानेही कागदपत्रं नसलेल्या कामगाराचा हा हक्क मान्य केला. दुखापत कुणाच्या चुकीने झाली हे इथे सिद्ध करावं लागत नाही, ती कामातून आणि कामाच्या वेळात झाली एवढं दाखवावं लागतं. विमा कंपनी म्हणेल की छापा म्हणजे काम नव्हे. तिथे वकील लागेल, कारण माणूस कामाच्या वेळी, कामाच्या जागी, मालकाने उभं केलं तिथेच होता. पण कंत्राटदार तोंडी 'नाही' म्हणाला म्हणजे निकाल लागला असं अजिबात समजू नका. तो अधिकार त्याचा नाहीच.
दुखापत झाल्यापासून ३० दिवसांत मालकाला कळवायचं असतं. तीन आठवडे गेलेत, म्हणून आजच लेखी कळवा. साधा मेसेज चालेल, फक्त तारीख दिसू द्या. कळल्यावर एका कामाच्या दिवसात त्याने 'डीडब्ल्यूसी-१' नावाचा फॉर्म द्यायला हवा. नाही दिला तर राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, स्पॅनिशमध्येही आहे. तो भरून दिला की दावा मंजूर किंवा नामंजूर होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतचे उपचार विमा कंपनीला करावे लागतात, आणि ९० दिवसांत तिने नाकारलं नाही तर कायदा दुखापत कामाचीच धरून चालतो. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबराची (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाची) जागा आहे. तिथे दुसऱ्या कुणाचा नंबर चुकूनही लिहू नका. कामावर कुठला नंबर दिला होता ते फक्त वकिलाला सांगा.
ऑक्सनार्डलाच राज्याच्या वर्कर्स कॉम्पेन्सेशन विभागाचं कार्यालय आहे. तिथला माहिती अधिकारी पैसे न घेता मदत करतो. वकिलाला आधी काही द्यावं लागत नाही. त्याची फी न्यायाधीश ठरवून देतात आणि ती मिळालेल्या भरपाईतून जाते.

मृणाल_नर्स
खांद्याची दुखणी मी रोज बघते, त्यामुळे वाचून वाईट वाटलं. दोनच गोष्टी सांगते.
इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करणं हे १९८६ पासून केंद्राच्या कायद्याने हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, कागद असोत नसोत. बिलाचं म्हणाल तर आणीबाणीच्या मेडी-कॅलसाठी (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्य विमा) लगेच अर्ज करा, त्याला इमिग्रेशनची अट नाही. हॉस्पिटलच्या आर्थिक मदत कक्षात विचारा, आणि कुणाच्याही सांगण्यावरून क्रेडिट कार्डावर भरू नका.
दुसरं म्हणजे वैद्यकीय नोंद. पहिल्या दिवशीच्या नोंदीत काय लिहिलंय ते आधी मागवून वाचा. "शेतात पडला" एवढंच असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नीट सांगा : कुणी पाडलं, कसं, कशावर. डॉक्टर सांगितलेलं तसंच लिहून ठेवतात आणि महिन्याभराने तोच पुरावा होतो. काळेनिळे डाग अजून असतील तर आजच फोटो काढा. आणि मिश्तेको दुभाषा मागा. अर्धवट स्पॅनिशवर भागवलं की नोंद चुकते, हे मी स्वतः पाहिलंय.

बीडचा_पोर
माझे आईवडील वीस वर्षं ऊसतोडीला जायचे. तुमच्या धाग्यातला कंत्राटदार म्हणजे आमचा मुकादमच. कुणाला लागलं की आधी म्हणणार, "हा माझ्या टोळीत नव्हताच." म्हणून सांगतो, तो माणूस त्या दिवशी त्या शेतात होता याचे पुरावे आत्ताच गोळा करा. पगाराच्या पावत्या, किती खोकी भरली त्याची कार्डं, टोळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या रात्री आलेला "उद्या अमुक शेत, सहा वाजता" असा मेसेज. तो मेसेज उडायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. कुणी व्हिडिओ काढला असेल तर मूळ फाइल जपा, पुढे पाठवत राहिलं की तारीख-वेळ निघून जाते. साक्षीदारांची नावं आणि नंबर एका वहीत लिहा, हंगाम संपला की माणसं पांगतात.

कायदेवाचक
दुसऱ्या वाटेबद्दल लिहितो. मी इमिग्रेशनचा वकील नाही, पण या कायद्याचे खटले हाताळले आहेत.
केंद्राच्या अधिकाऱ्याने मारलं, पाडलं, बेकायदा धरून ठेवलं तर फेडरल टॉर्ट क्लेम्स अॅक्टखाली सरकारवर दावा करता येतो. हा कायदा १९४६ चा. पोलिसी काम करणाऱ्या अधिकाऱ्यांची मारहाण आणि खोटी अटक त्यात १९७४ साली आली. थेट कोर्टात जाता येत नाही. आधी त्या खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी दावा, सहसा 'स्टँडर्ड फॉर्म ९५' वर. त्यात रक्कम डॉलरमध्ये नेमकी लिहावी लागते, 'जे योग्य असेल ते' चालत नाही. खात्याला सहा महिने मिळतात. त्यांनी नकार कळवला की पुढच्या सहा महिन्यांत कोर्टात जायचं. ज्युरी नसते, दंडात्मक भरपाई नसते. वकिलाची फी खात्याकडेच मिटलं तर जास्तीत जास्त २० टक्के आणि कोर्टात गेलं तर २५ टक्के, त्याहून जास्त मागणाऱ्याला नमस्कार करा.
अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा करायची वाट मात्र सुप्रीम कोर्टाने २०२२ नंतर जवळजवळ बंद केलीय. उलट १२ जून २०२५ ला, अटलांटात एफबीआय चुकीच्या घरात घुसली होती त्या खटल्यात, त्याच कोर्टाने त्या कुटुंबाचा टॉर्ट क्लेम पुन्हा उभा राहू दिला.
"तो पळत होता" असं सरकार म्हणेलच. कॅलिफोर्नियात स्वतःची चूक असली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते, सगळी बुडत नाही. आणि हे बहुतेकांना माहीत नसतं : १९८६ पासून कायदा सांगतो की उघड्या शेतात कामगारांची चौकशी करायला शिरायचं तर मालकाची परवानगी किंवा वॉरंट हवं. सीमेजवळच्या पट्ट्याला अपवाद आहे, ऑक्सनार्ड त्या पट्ट्यात येतं का हे वकिलाकडूनच तपासून घ्या. त्या दिवशी परवानगी कुणी दिली, वॉरंट होतं का, हे वकिलाने पहिल्यांदा विचारायला हवं.
एक धोका स्पष्ट सांगतो. वर्कर्स कॉम्पमध्ये इमिग्रेशनचा प्रश्न येत नाही. या दाव्यात मात्र नाव-पत्ता केंद्र सरकारच्याच हातात जातो. म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय तो फॉर्म पाठवू नका. दोन वर्षं आहेत, इथे घाई नको.

किनाऱ्यावरची
काय बोलू, सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. त्यांच्या मेहुण्यालाही त्याच दिवशी पकडून नेलं, गुडघा सुजलेला होता. फोनवर म्हणाला, "सही कर म्हणतायत." आणि इथल्या बाजारपेठेतला एक नोतारिओ म्हणतोय, ८०० डॉलर द्या, दोन्ही कामं करून देतो.

फ्रेस्नोकर
नोतारिओला एक पैसाही देऊ नका! मेक्सिकोत नोतारिओ म्हणजे मोठा कायदेपंडित, इथे नोटरी म्हणजे सही-शिक्क्याचा माणूस. त्या एका शब्दामुळे कितीतरी घरं बुडालेली पाहिलीत.
मेहुण्याने न समजलेल्या कागदावर सही करू नये. ती बहुधा परत जायला राजी असल्याची सही असते. गुडघ्यासाठी तिथल्या दवाखान्यात लेखी विनंती द्यावी आणि त्याची प्रत किंवा निदान तारीख जपून ठेवावी. मेक्सिकन वकिलातीला कळवायला सांगायचा त्याला हक्क आहे आणि ती वकिलात अशा कामात खरोखर धावून येते. परत पाठवलं गेलं तरी दुखापतीचा दावा आपोआप संपत नाही, पण जाण्याआधी वकील केलेला बरा.
कुणाकडे जावं म्हणाल तर मिश्तेको भाषेसाठी ऑक्सनार्डमधलीच मिकॉप ही संस्था. वकिलासाठी कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स (सीआरएलए) ही १९६६ पासूनची संस्था आहे, पण तिला केंद्राचा निधी असल्याने कागद नसलेल्यांची बरीचशी प्रकरणं घेता येत नाहीत. मिळती-जुळती पण वेगळी 'सीआरएलए फाउंडेशन' आहे, तिच्यावर ते बंधन नाही. फोन करताना दोन्ही नावांत गोंधळ होतो, जपून. यूएफडब्ल्यू (युनायटेड फार्म वर्कर्स, शेतमजुरांची संघटना) फाउंडेशनलाही विचारा.

मृणाल_नर्स
कॅमारिओच्या ग्लास हाउस फार्म्सवर १० जुलै २०२५ ला छापा पडला तेव्हा एक कामगार काचघराच्या छतावरून पडला आणि दोन दिवसांनी गेला. हे लिहितेय कारण अशा मृत्यूतही कुटुंबाला वर्कर्स कॉम्पखाली दावा करता येतो, अवलंबून असलेली माणसं दुसऱ्या देशात असली तरी. तुमच्या गल्लीत कुणाला सांगायची वेळ आली तर लक्षात असू द्या.

किनाऱ्यावरची
कंत्राटदाराला मेसेज गेला, तारखेसकट. खोक्यांची कार्डं वहिनींनी डब्यात जपून ठेवली होती, सगळी मिळाली. उद्या सकाळी मिकॉपमध्ये जाऊन मग त्यांच्याच दुभाष्याला घेऊन राज्याच्या कार्यालयात जातोय. मेहुण्याला सही करू नको असा निरोप पोचलाय. वकील ठरला की इथे कळवते.