मदत हवी आहे: टिळकांसाठी झालेला १९०८ चा गिरणी संप

नमस्कार मंडळी, जहाल राजकारणावर छोटं टिपण लिहितोय आणि एका जागी अडलोय. २२ जुलै १९०८ ला टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात ६ वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीत ७ विरुद्ध २, आणि दोषी न मानणारे ते दोघे पारशी. त्यानंतर मुंबईतल्या गिरण्या ६ दिवस बंद. शिक्षेच्या वर्षामागे एक दिवस! इथवर ठीक. पण ज्या कामगाराला अक्षरओळखच नाही, त्याच्यापर्यंत टिळकांचा 'केसरी' पोचायचा कसा? चाळीत कुणी मोठ्याने वाचून दाखवायचं का? की जॉबरच्या (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या) शब्दावर साचे, म्हणजे माग, थांबले? काँग्रेसमधली सुरतेची फूट, वंगभंग (बंगालची फाळणी) यावर ढीगभर वाचून झालंय, ते नको. कामगारांच्या बाजूच्या आठवणी, पोवाडे, पोलिसांची कागदपत्रं कुठे चाळावीत, कुणी सांगेल का?